दीनानाथ मंगेशकर

दीनानाथ गणेश मंगेशकर (२९ डिसेंबर, १९०० – २४ एप्रिल, १९४२) हे मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-नट, नाटक मंडळीचे मालक, चित्रपटनिर्माते आणि शास्त्रीय संगीताचे मैफलीतील गायक होते. रसिकांमध्ये ते मास्टर दीनानाथ या नावाने ओळखले जात. १९१८ साली स्थापन झालेल्या बळवंत संगीत मंडळीचे ते एक भागीदार आणि प्रमुख आकर्षण होते. मानापमान, भावबंधन, रणदुंदुभी आणि संन्यस्त खड्ग या नाटकांतील त्यांच्या गायनाने नाट्यसंगीताला एक वेगळे, तेजस्वी वळण मिळाले. चढ्या पट्टीतील निकोप आवाज, विजेसारखी चपळ तान आणि अनपेक्षित जागी स्वर घेण्याचे धाडस ही त्यांच्या गायकीची वैशिष्ट्ये होत.

आजच्या पिढीला दीनानाथांचे नाव बहुधा लता मंगेशकर, आशा भोसले आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे वडील म्हणून ठाऊक असते. हा परिचय खरा असला तरी अपुरा आहे. मुलांपैकी कोणीही प्रसिद्धीस येण्यापूर्वीच दीनानाथांचे निधन झाले होते. मराठी रंगभूमीवर त्यांनी जे स्थान मिळवले, ते सर्वस्वी स्वतःच्या गळ्याच्या बळावर मिळवले.

== जन्म व बालपण ==

दीनानाथांचा जन्म गोव्यातील मंगेशी या गावी झाला. गोव्यावर त्या काळी पोर्तुगिजांची सत्ता होती. मंगेशी हे श्रीमंगेशाच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध आहे. दीनानाथांचे वडील गणेशभट्ट अभिषेकी या मंदिरात पौरोहित्य करीत. आई येसूबाई या कलावंत समाजातील होत्या. मंदिराच्या सेवेशी बांधलेल्या या समाजाने गोमंतकातील गायन, वादन व नर्तन पिढ्यान्‌पिढ्या जतन केले. मात्र समाजव्यवस्थेने त्याला प्रतिष्ठेचे स्थान दिले नाही. अशा घरातील मुलांना वडिलांचे आडनाव लावता येत नसे. दीनानाथांनी आपल्या गावावरून व ग्रामदैवतावरून मंगेशकर हे आडनाव घेतले. ज्या नावाला पुढे देशभर मान मिळाला, त्याच्या मुळाशी ही सामाजिक वस्तुस्थिती आहे.

मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर यांसारख्या थोर गायिकाही गोमंतकाच्या याच भूमीतून पुढे आल्या. मंगेशी गावानेच पुढे पंडित जितेंद्र अभिषेकी (१९२९–१९९८) यांच्या रूपाने नाट्यसंगीताला दुसरा एक समर्थ गायक व संगीतकार दिला.

देवळातील नित्याची गाणी, उत्सवातील कीर्तने आणि घरातील संगीत यांचे संस्कार दीनानाथांवर अगदी लहानपणी झाले. त्यांना गाण्याचे पहिले धडे बाबा माशेलकर यांच्याकडून मिळाले. मुलाचा गळा असामान्य आहे, हे त्याच्या भोवतालच्या लोकांच्या लवकरच लक्षात आले.

== संगीताचे शिक्षण ==

दीनानाथांच्या गायकीची घडण मुख्यतः ग्वाल्हेर परंपरेत झाली. रामकृष्णबुवा वझे यांचे ते गंडाबंध शिष्य होते. वझेबुवा हे अनवट रागांचा मोठा साठा असलेले, दमदार व आक्रमक गाणारे गवई होते. त्यांचा नाटक मंडळ्यांशीही घनिष्ठ संबंध होता आणि अनेक नाटकांतील पदांना त्यांनी चाली दिल्या. शास्त्रीय गाणे नाटकाच्या पदात उतरवताना रागाचे रूप न बिघडवता ते थोडक्यात कसे मांडावे, याचे शिक्षण दीनानाथांना वझेबुवांच्या सहवासात मिळाले.

पुढे त्यांनी पंडित सुखदेवप्रसाद यांच्याकडेही शिक्षण घेतले. तथापि दीनानाथ हे एकाच गुरूची गायकी जशीच्या तशी गाणारे गायक नव्हते. जे जे कानावर पडेल त्यातून निवडून घ्यावे आणि स्वतःच्या गळ्याला मानवेल असे त्याचे नवे रूप करावे, अशी त्यांची प्रवृत्ती होती. पंजाबी ढंगाच्या हरकती, ठुमरीतील लचक आणि ख्याल गायकीतील तान यांचे जे मिश्रण त्यांच्या गाण्यात दिसते, ते या वृत्तीतून आलेले आहे.

संगीताखेरीज ज्योतिषशास्त्राचाही त्यांचा अभ्यास होता.

== किर्लोस्कर नाटक मंडळी ==

अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचा पाया घातला. त्यांच्या मंडळीत भाऊराव कोल्हटकर आणि त्यांच्यानंतर बालगंधर्व असे एकाहून एक सरस गायक-नट होऊन गेले. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी मंडळी सोडली व गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. किर्लोस्कर मंडळीचा मुख्य आधारच त्यामुळे गेला. नाटक मंडळी चालायची तर तिला नव्या गळ्याची तातडीने गरज होती. अशा वेळी, १९१४ च्या सुमारास, गोव्याहून आलेला हा कोवळ्या वयाचा मुलगा मंडळीत दाखल झाला.

त्या काळी रंगभूमीवर स्त्रिया काम करीत नसत. स्त्रीपार्टी नटाला गोड गळा, देखणे रूप आणि नाजूक हालचाली या तिन्ही गोष्टी लागत, आणि दीनानाथांकडे त्या तिन्ही होत्या. मंडळीने सादर केलेल्या ताज-ए-वफा या नाटकात त्यांनी भूमिका केली. त्यातील गाण्यांमुळे उर्दू शब्दांचे उच्चार आणि उत्तर हिंदुस्थानी चालींचा बाज त्यांच्या गळ्यावर चढला. बालवयात गाणाऱ्या नटांना आणि गायकांना मास्टर म्हणण्याची त्या वेळी पद्धत होती. दीनानाथांच्या नावामागे लागलेली ही उपाधी मोठेपणीही तशीच राहिली.

बालगंधर्वांच्या जागी उभे राहणे सोपे नव्हते. प्रेक्षकांच्या कानात त्यांचे सूर अजून ताजे होते आणि तुलना अटळ होती. दीनानाथांनी त्या गायकीचे अनुकरण करण्याचा मार्ग घेतला नाही. त्यांचा आवाज जात्याच वेगळा होता. तो अधिक उंच, अधिक धारदार आणि द्रुत गतीला अधिक अनुकूल होता. किर्लोस्कर मंडळीत असतानाच या आवाजाचा स्वतःचा असा श्रोतृवर्ग तयार होऊ लागला.

== बळवंत संगीत मंडळी ==

१९१८ मध्ये दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. चिंतामणराव हे गद्य अभिनयात निष्णात होते. एका बाजूला दीनानाथांचे गाणे आणि दुसऱ्या बाजूला चिंतामणरावांचा कसदार अभिनय या जोडीवर मंडळीची उभारणी झाली. दीनानाथांचे वय तेव्हा अवघे सतरा-अठरा वर्षांचे होते.

नव्या मंडळीला नाटककार राम गणेश गडकरी यांचा पाठिंबा होता. गडकऱ्यांकडून नवनवी नाटके मिळतील, या भरवशावर मंडळीची पुष्कळ भिस्त होती. परंतु २३ जानेवारी, १९१९ रोजी गडकऱ्यांचे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी निधन झाले. मृत्यूच्या थोडेच आधी त्यांनी भावबंधन हे नाटक पूर्ण केले होते. हे नाटक बळवंत मंडळीने रंगभूमीवर आणले आणि तेच मंडळीच्या यशाचे मोठे कारण ठरले.

भावबंधनमधील लतिका ही श्रीमंत घरची, हजरजबाबी व मानी तरुणी. तिने केलेल्या अपमानाचा सूड घेण्यासाठी घनश्याम दोन घरांना आपल्या जाळ्यात ओढतो, असे या नाटकाचे कथानक आहे. लतिकेची भूमिका दीनानाथांनी केली, तर चिंतामणरावांचा घनश्याम हा मराठी रंगभूमीवरील गाजलेल्या खलनायकांपैकी एक मानला जातो. दीनानाथांच्या थोरल्या मुलीचे लता हे नाव याच लतिकेवरून आले.

नाटक मंडळी हे त्या काळी एक फिरते संसारच असे. नट, गवई, साथीदार, पडदे रंगवणारे, कपडेपट सांभाळणारे, आचारी आणि त्यांची कुटुंबे असा मोठा लवाजमा गावोगाव मुक्काम करी. कंपनीचे बिऱ्हाड एका गावाहून दुसऱ्या गावी हलवण्याचा खर्च मोठा असे. पाऊस, रोगराई किंवा नवे नाटक पडणे यांपैकी कोणत्याही एका कारणाने महिन्याचे गणित कोलमडत असे. बळवंत मंडळीचे मालक स्वतः रंगमंचावर उभे राहत असल्याने रात्री नाटक आणि दिवसा हिशोब असे दुहेरी ओझे त्यांच्यावर होते. मंडळीचे वास्तव्य पुढे सांगली येथे झाले.

== प्रमुख भूमिका व नाटके ==

मानापमान (कृ. प्र. खाडिलकर): हे नाटक मूळ किर्लोस्कर मंडळीचे. १९११ साली ते प्रथम रंगभूमीवर आले, तेव्हा त्याला गोविंदराव टेंबे यांच्या चाली होत्या. दीनानाथांनी यातील धैर्यधर या गरीब पण स्वाभिमानी सेनापतीची भूमिका केली. धैर्यधराची काही पदे त्यांनी मूळ चाली बदलून गायली. वीरवृत्तीला साजेशी गती आणि जोरकस तान यांमुळे ही पदे इतकी लोकप्रिय झाली, की पुढे अनेकांनी ती त्यांच्याच पद्धतीने गायली. स्त्रीभूमिकांत नाव मिळवलेल्या नटाने पुरुषभूमिकाही तेवढ्याच ताकदीने उभी केली, हेही या नाटकाने दाखवून दिले.

पुण्यप्रभाव व भावबंधन (राम गणेश गडकरी): या दोन्ही नाटकांतील पदांना दीनानाथांच्या गायनाने दीर्घायुष्य मिळाले.

उग्रमंगल: या नाटकात दीनानाथांच्या गाण्याबरोबरच त्यांच्या नृत्याचीही रसिकांनी वाखाणणी केली.

रणदुंदुभी (वीर वामनराव जोशी, १९२७): अमरावतीचे वामनराव जोशी हे स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्ते होते. परकीय सत्तेविरुद्ध थेट लिहिणे शक्य नव्हते, तेव्हा काल्पनिक राज्याच्या कथेआडून त्यांनी पारतंत्र्याची वेदना मांडली. या नाटकात दीनानाथ तेजस्विनीची भूमिका करीत. पदांच्या चाली वझेबुवांच्या होत्या. गुलामगिरीची चीड व्यक्त करणारी यातील पदे नाट्यगृहाबाहेरही गायली जाऊ लागली. प्रेक्षक टाळ्या वाजवून पुनःपुन्हा तेच पद मागत. त्या मागणीत गाण्याची आवड होती, तशीच राजकीय भावनाही होती.

संन्यस्त खड्ग (विनायक दामोदर सावरकर, १९३१): सावरकर त्या वेळी रत्नागिरीत स्थानबद्ध होते. बुद्धकाळाच्या पार्श्वभूमीवर अहिंसा व शस्त्रबळ यांचा संघर्ष मांडणारे हे नाटक बळवंत मंडळीने रंगभूमीवर आणले. सरकारच्या नजरेखाली असलेल्या लेखकाचे नाटक करणे हा व्यवसायाच्या दृष्टीने धोका होता. दीनानाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पत्करला. वझेबुवांच्या चाली आणि दीनानाथांचा आवाज यांतून या नाटकाची जी पदे उभी राहिली, ती मराठी नाट्यसंगीतातील सर्वोत्तम पदांमध्ये गणली जातात. नाटकाचे प्रयोग आज क्वचितच होतात. पदे मात्र मैफलींत सतत ऐकू येतात.

ब्रह्मकुमारी (विश्राम बेडेकर, १९३३): हे बळवंत मंडळीच्या उत्तरकाळातील नाटक होय.

यांशिवाय शाकुंतल, सौभद्र या किर्लोस्करी परंपरेतील नाटकांतूनही दीनानाथांनी भूमिका केल्या.

== गायनशैली ==

संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात ध्वनिवर्धक नव्हते. मोठ्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द आणि स्वर पोचवण्याचे काम गळ्यालाच करावे लागे. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले आणि वन्समोअरमुळे एकेक पद अनेकदा गावे लागे. या परिस्थितीत उंच पट्टीत, न थकता, स्पष्ट शब्दोच्चारांसह गाणारा आवाज हीच नटाची पुंजी असे. पाश्चात्त्य संगीतिकेत टेनर या उंच पुरुषी आवाजाला जे स्थान असते, त्याच्या जवळ जाणारे स्थान मराठी संगीत नाटकात अशा आवाजाला होते.

त्या काळातील तीन गायक-नटांची तुलना नेहमी केली जाते. बालगंधर्वांच्या गाण्यात लाडिक गोडवा, लयीशी लीलया खेळ आणि शब्दांना गोंजारणे होते. केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांच्या गाण्यात बुलंद आवाजाचा भारदस्तपणा होता. दीनानाथांच्या गाण्यात चमत्कृती आणि वेग होता. एखाद्या स्वरावरून ते अकस्मात वरच्या सप्तकात झेप घेत आणि तितक्याच सफाईने परत येत. त्यांची तान दाणेदार होती आणि तिचे वळण आधी ओळखता येत नसे. पदाच्या मध्येच दुसऱ्या रागाची छाया दाखवून मूळ रागात परतण्याची त्यांना आवड होती.

या शैलीवर त्या काळी टीकाही झाली. चमत्कृतीच्या ओढीने पदातील भाव मागे पडतो, असे काही जाणकारांचे मत होते. बालगंधर्वांच्या शैलीवर जीव टाकणाऱ्या रसिकांना दीनानाथांचे गाणे अस्वस्थ करणारे वाटे. उलट तरुण गायकांना त्यातील स्वैर कल्पकतेचे आकर्षण वाटले. दीनानाथांची गायकी अनुकरणाला कठीण आहे, याविषयी मात्र दोन्ही बाजूंचे एकमत होते. तिला लागणारा गळा आणि तिला लागणारी बुद्धी एकत्र सापडणे विरळाच.

दीनानाथांच्या काही पदांच्या व शास्त्रीय गायनाच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या काळातील तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे बसत असे. नाट्यगृहात जे पद अर्धा तास रंगे, ते तबकडीवर फक्त आराखड्यासारखे उरले आहे. त्यामुळे आज उपलब्ध असलेल्या मुद्रणांवरून त्यांच्या रंगमंचावरील गाण्याचा अंदाजच करावा लागतो. तरीही त्या तीन मिनिटांत आवाजाची धार व तानेची चपळाई स्पष्ट जाणवते.

== कौटुंबिक जीवन ==

दीनानाथांचा विवाह १९२२ मध्ये खानदेशातील थाळनेर येथील व्यापारी व जमीनदार हरिदास लाड यांच्या नर्मदा या कन्येशी झाला. त्यांची मुलगी लतिका अगदी लहानपणीच दगावली आणि काही काळाने नर्मदाबाईंचेही निधन झाले. १९२७ मध्ये दीनानाथांनी नर्मदाबाईंची धाकटी बहीण शेवंती यांच्याशी विवाह केला. विवाहानंतर त्यांचे नाव शुद्धमती झाले. पुढे त्या माई मंगेशकर या नावाने ओळखल्या गेल्या.

या दांपत्याला पाच अपत्ये झाली : लता (१९२९), मीना (१९३१), आशा (१९३३), उषा (१९३५) आणि हृदयनाथ (१९३७). लताबाईंचा जन्म इंदूरचा आणि आशाबाईंचा सांगलीचा.

मुलीच्या अंगी गाणे आहे, हे दीनानाथांच्या लक्षात कसे आले याची आठवण लता मंगेशकर यांनी पुढे अनेकदा सांगितली. दीनानाथ एका शिष्याला पूरिया धनाश्री शिकवत होते. ते काही कामासाठी बाहेर गेले असता शिष्य चुकतो आहे, हे लहानग्या लताच्या ध्यानात आले आणि तिने त्याला ती जागा बरोबर गाऊन दाखवली. परत आलेल्या वडिलांनी ते ऐकले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुलीला रीतसर शिकवण्यास प्रारंभ केला.

== चित्रपटनिर्मिती व मंडळीचा अस्त ==

१९३१ च्या मार्च महिन्यात मुंबईत आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. १९३२ मध्ये प्रभातचा अयोध्येचा राजा हा बोलपट मराठीत आला. जी गाणी ऐकण्यासाठी रसिक रात्रभर नाट्यगृहात बसत, तशी गाणी आता कमी पैशांत आणि कमी वेळात पडद्यावर मिळू लागली. अनेक नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. नाटक मंडळ्यांना प्रयोगासाठी जागा मिळणेही अवघड होऊ लागले. त्याच सुमारास १९३३ मध्ये आंधळ्यांची शाळा या नाटकाने वास्तववादी, आटोपशीर नाटकाची वाट दाखवली. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्यात, हा विचारही रुजू लागला होता. संगीत नाटकाची जुनी चौकट अशी चहूबाजूंनी खिळखिळी होत होती.

बोलपटाला विरोध करण्यापेक्षा त्यात उतरावे, असे बळवंत मंडळीच्या चालकांनी ठरवले. बळवंत पिक्चर्स ही संस्था स्थापन झाली. कृष्णार्जुन युद्ध हा चित्रपट मराठी व हिंदी या दोन भाषांत तयार करण्यात आला आणि तो १९३४ मध्ये प्रदर्शित झाला. चिंतामणराव कोल्हटकर व विश्राम बेडेकर यांनी त्याचे दिग्दर्शन केले. दीनानाथांनी त्यात भूमिकाही केली आणि गाणेही गायले. परंतु चित्रपटनिर्मितीसाठी लागणारे भांडवल, तांत्रिक अनुभव आणि वितरणाची व्यवस्था यांपैकी काहीच नाटक मंडळीजवळ पुरेसे नव्हते. नाटकाच्या उत्पन्नातून उभे केलेले पैसे चित्रपटात अडकले आणि परत आले नाहीत. संस्था कर्जात बुडाली आणि बळवंत संगीत मंडळीचाही शेवट झाला.

ही केवळ एका मंडळीची कहाणी नव्हती. याच काळात गंधर्व नाटक मंडळीही कर्जाच्या ओझ्याखाली होती आणि स्वतः बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या धर्मात्मा या चित्रपटात काम केले. ज्या गायक-नटांनी मंडळ्या उभारल्या, ते कलेत अव्वल होते. पण बदलत्या बाजारपेठेत टिकून राहण्यासाठी लागणारी व्यवहारदृष्टी आणि राखीव गंगाजळी त्यांच्यापाशी नव्हती.

== अखेरची वर्षे ==

मंडळी बंद पडल्यानंतर दीनानाथांनी शास्त्रीय गायनाच्या मैफली आणि लहान प्रमाणावर नाटकांचे प्रयोग यांवर चरितार्थ चालवण्याचा प्रयत्न केला. सौभद्रच्या एका प्रयोगात नारदाचे काम करणारा नट आला नाही, तेव्हा लहानग्या लताने ती भूमिका निभावून नेल्याची आठवण सांगितली जाते. १९३८ मध्ये सोलापूर येथे लताबाईंनी वडिलांच्या बरोबरीने व्यासपीठावर गायन केले.

सांगलीचे वास्तव्य संपवून कुटुंब पुण्यास आले. आर्थिक विवंचना, कर्जाचा ताण आणि मद्यपानाचे व्यसन यांमुळे दीनानाथांची प्रकृती ढासळत गेली. एकेकाळी ज्यांच्या नावावर नाट्यगृहे भरत, त्यांना अखेरच्या दिवसांत हलाखीला तोंड द्यावे लागले. २४ एप्रिल, १९४२ रोजी पुणे येथे वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्या वेळी थोरली मुलगी लता अवघी बारा वर्षांची होती. चित्रपट दिग्दर्शक मास्टर विनायक यांनी कुटुंबाला आधार दिला आणि लताबाईंना चित्रपटात कामे मिळाली. वडिलांच्या मृत्यूनंतर आई व चार भावंडांचा भार त्यांनी उचलला. १९४५ मध्ये त्या मुंबईस आल्या. दीनानाथांना बोलपटाने बाजूला सारले होते. त्याच बोलपटाच्या संगीतात त्यांच्या मुलांनी पुढे सर्वोच्च स्थान मिळवले.

== प्रभाव व वारसा ==

दीनानाथांनी मोठी शिष्यपरंपरा मागे ठेवली नाही. फिरतीचे आयुष्य आणि अकाली मृत्यू यांमुळे ते शक्यही नव्हते. तथापि त्यांच्या गाण्याचा प्रभाव दूरवर पोचला. डॉ. वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) यांना दीनानाथांचा सहवास व मार्गदर्शन लाभले होते. त्यांच्या गायनातील अनपेक्षित वळणे, पंजाबी ढंग आणि बेडर तान यांत दीनानाथांच्या शैलीचा वारसा स्पष्ट दिसतो. १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या कट्यार काळजात घुसली या नाटकातील वसंतरावांच्या खाँसाहेबांनी ही आक्रमक गायकी नव्या पिढीच्या प्रेक्षकांपुढे आणली.

लता, आशा व हृदयनाथ यांनी वडिलांची पदे स्वतः गाऊन ध्वनिमुद्रित केली. हृदयनाथ मंगेशकर यांच्या अवघड चाली, त्यांतील दीर्घ अंतरांच्या स्वरझेपा आणि रागांची अनोखी जोडणी यांचा उगम अभ्यासक दीनानाथांच्या गायकीत शोधतात. दीनानाथांच्या काळातील नाट्यव्यवहार समजून घेण्यासाठी चिंतामणराव कोल्हटकर यांचे बहुरूपी आणि विश्राम बेडेकर यांचे एक झाड आणि दोन पक्षी ही आत्मचरित्रे महत्त्वाची मानली जातात.

== स्मारके व गौरव ==

* मुंबई उपनगरात विलेपार्ले (पूर्व) येथे मुंबई महानगरपालिकेचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आहे. गिरगाव-दादरची मराठी वस्ती जसजशी पार्ले, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशी उपनगरांत पसरली, तसतशी नाटकाला जवळच्या नाट्यगृहांची गरज भासू लागली. पार्ल्याचे हे नाट्यगृह पश्चिम उपनगरांतील नाट्यरसिकांचे महत्त्वाचे केंद्र ठरले. पूर्व उपनगरांच्या टोकाला ठाण्यात गडकरी रंगायतन आहे. भावबंधनचे लेखक आणि त्या नाटकातील लतिका अशी दोघांची नावे मुंबईच्या दोन लोहमार्गांवर नाट्यगृहांच्या रूपाने उभी आहेत.
* पणजी येथील कला अकादमीच्या मुख्य नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकर कला मंदिर असे नाव देण्यात आले आहे.
* पुणे येथे लता मंगेशकर मेडिकल फाउंडेशनचे दीनानाथ मंगेशकर रुग्णालय आहे.
* मास्टर दीनानाथ मंगेशकर स्मृती प्रतिष्ठानातर्फे दरवर्षी २४ एप्रिल या स्मृतिदिनाच्या निमित्ताने संगीत, नाटक, साहित्य, चित्रपट व समाजकार्य या क्षेत्रांतील व्यक्तींना पुरस्कार दिले जातात. लता मंगेशकर यांच्या निधनानंतर २०२२ पासून लता दीनानाथ मंगेशकर पुरस्कारही सुरू झाला.
* भारतीय टपाल खात्याने १९९३ मध्ये दीनानाथांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध केले.

== संक्षिप्त जीवनपट ==

* १९०० – मंगेशी, गोवा येथे जन्म
* १९१४ (सुमारे) – किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश
* १९१८ – बळवंत संगीत मंडळीची स्थापना
* १९१९ – राम गणेश गडकरी यांचे निधन. भावबंधन बळवंत मंडळीकडे
* १९२२ – नर्मदा लाड यांच्याशी विवाह
* १९२७ – रणदुंदुभी रंगभूमीवर. शेवंती लाड यांच्याशी विवाह
* १९३१ – संन्यस्त खड्ग रंगभूमीवर
* १९३३ – ब्रह्मकुमारी रंगभूमीवर
* १९३४ – कृष्णार्जुन युद्ध हा चित्रपट
* १९३८ – सोलापूर येथे लता मंगेशकर यांच्यासह गायन
* १९४२ – पुणे येथे निधन